टेलला पाणी पोचलं का?

महिन्यातून एकदा तरी आपल्या वर्तमानपत्रांत ती बातमी येतेच. अमुक महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी तमुक वनस्पतीच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मारल्या, पेटंटसाठी अर्ज केला, सोबत पांढऱ्या कोटातला फोटो. सकाळी ते कात्रण घरच्या ग्रुपवर फिरतं. दुपारी डॉक्टर झालेला एखादा भाचा लिहितो, ‘मामा, ताटलीतल्या पेशी फिनाइलनेही मरतात.’ संध्याकाळी तिसरा कुणी, बहुतेक बंगलोरचा नाहीतर न्यू जर्सीचा, सांगतो की हे सगळं जुनं झालं. आता गाठीचा जीन रिपोर्ट काढायचा, कुठलं औषध चालेल ते कागदावर छापूनच येतं. तिघंही हुशार, तिघंही आपापल्या जागी थोडे बरोबर. आणि तरी हा वाद अशा पद्धतीने चालतो की ज्याच्या घरात कॅन्सर आहे त्याच्या हाती काहीच लागत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ताटलीतल्या पेशी मेल्या का, हा प्रश्न जवळजवळ बिनकामाचा आहे. गाठीत कुठलं जनुक बिघडलंय, हा प्रश्न कामाचा आहे, पण अर्धा. उरलेला अर्धा असा: औषध दिल्यावर त्या पेशीतला कुठला निरोप थांबला, कुठला चालूच राहिला आणि कुठला नव्याने सुरू झाला? हे निरोप प्रथिनं पोचवतात, त्यामुळे ते प्रथिनांतच मोजावे लागतात. आणि ते पुन्हापुन्हा, तासातासाला, हवे तितके वेळा मोजता येतील अशी जागा आज तरी मुख्यतः एकच आहे: ज्या सेललाइनची, म्हणजे एका गाठीतून काढून प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या पेशींची, भाचेबुवा टिंगल करतात तीच.

माझं आजोळ कालव्याच्या टेलला. टेल म्हणजे शेवटचं टोक, हे पाटपाण्याच्या गावातल्यांना सांगायला नको. रजिस्टरात आजोबांच्या नावावर पाणी असायचं, पाणीपट्टीची पावतीही असायची; पाणी मात्र वरच्या चाऱ्यांतच संपायचं. आजोबा रजिस्टर बघायला कधी गेले नाहीत. पहाटे उठून सरीत पाय घालून बघायचे. पेशीचा कारभार याहून फार निराळा नाही. पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआरसारखी प्रथिनं बसलेली असतात. बाहेरून वाढीचा संदेश आला की ती जागी होतात, आत रासला जागं करतात; रास राफला, राफ मेकला, मेक ईआरकेला, आणि ईआरके केंद्रकात शिरून पेशीला विभाजनाच्या कामाला लावतं. बहुतेक टप्प्यांवर निरोप द्यायची रीत एकच, पुढच्या प्रथिनाला फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवायचा. शेजारून दुसरी चारी निघते: पीआय३के, एकेटी, एमटॉर आणि टोकाला एस६. या जाळ्यातलं कुठलं दार मोडून कायमचं उघडं राहिलंय, हे जीन रिपोर्ट चोख सांगतो. टेलला पाणी पोचलं का, हे त्याला माहीतच नसतं.

हे नुसतं उपमेचं बोलणं वाटत असेल तर बीराफची गोष्ट ऐका. २००२ साली इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या गटाने दाखवलं की मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये बीराफ या राफच्याच एका जनुकात एकच ठरावीक बदल वारंवार सापडतो, व्ही६००ई. सहाशेव्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदलतं आणि राफचं दार उघडं ते उघडंच राहतं. बरोबर तेच दार बंद करणारं वेमुराफेनिब हे औषध २०११ साली अमेरिकेत मंजूर झालं. मोठ्या चाचणीत जवळपास निम्म्या रुग्णांच्या गाठी आकसल्या. तुलनेला ठेवलेल्या जुन्या केमोने ज्यांच्या आकसल्या ते शंभरात पाच. जीन रिपोर्टच्या बाजूने याहून सुंदर पुरावा कुठला? आता तोच बदल आतड्याच्या कॅन्सरच्या काही रुग्णांतही असतो. तेच जनुक, तेच अक्षर, तेच औषध. रिपोर्टच्या तर्काने गाठ आकसायलाच हवी. आतड्याच्या कॅन्सरच्या २१ रुग्णांवर ते वापरून बघितलं तेव्हा गाठ आकसली एकाची.

का? याचं उत्तर रुग्णांत शोधायचं म्हटलं असतं तर किती वर्षं आणि किती माणसं खर्ची पडली असती, कोण जाणे. ते सापडलं सेललाइनमध्ये. ॲमस्टरडॅममध्ये रेने बर्नार्ड्स यांच्या गटाने आतड्याच्या कॅन्सरच्या, बीराफ बिघडलेल्या पेशी घेतल्या, त्यांना बीराफचं औषध दिलं आणि मग पेशीतले किनेज, म्हणजे फॉस्फेट चिकटवणारी प्रथिनं, एकेक करून बंद करत गेले. कुठलं बंद केलं की औषध लागू पडतं? ईजीएफआर. खालचं दार बंद केलं की ईआरकेकडून वर जाणारी ‘पुरे आता’ ही सूचनाही थांबते. ती थांबली की वरचं ईजीएफआर मोकळं सुटतं आणि पाणी बाजूच्या चाऱ्यांनी पुन्हा वाहू लागतं. मेलानोमाच्या पेशींत ईजीएफआर मुळात फारसं नसतंच; तिथे वळसा घालायला वाटच नाही, म्हणून तिथे औषध चाललं. हे २०१२ साली ‘नेचर’मध्ये आलं, त्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटानेही स्वतंत्रपणे हेच दाखवलं. पुढे बीराफचं औषध आणि ईजीएफआरवरचं सेटुक्सिमॅब अशी जोडी करून ६६५ रुग्णांची चाचणी झाली. तिचे आकडे २०१९ मध्ये आले. केमो आणि सेटुक्सिमॅबच्या गटात निम्मे रुग्ण ५.४ महिने जगले होते, जोडीच्या गटात ८.४ महिने. तीन महिने. हा चमत्कार नव्हे, मला माहीत आहे. पण ज्याच्यावर काहीच चालत नव्हतं अशा आजारात एप्रिल २०२० पासून एक मान्य उपचार आला, आणि त्याचं बीज एका प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये होतं. फिनाइलने कधी असं काही शिकवलंय?

इथे समोरच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा मांडायलाच हवा, कारण तो मला स्वतःला बरीच वर्षं छळत होता. प्रथिनं मोजून औषध ठरवण्याचा प्रयोग एकदा झालाय आणि तो सपशेल आपटलाय. फुप्फुसाच्या कॅन्सरवर ईजीएफआर बंद करणारं गेफिटिनिब आलं तेव्हा सगळ्यांची समजूत अशी की ज्याच्या गाठीत ईजीएफआर हे प्रथिन जास्त, त्याला ते जास्त लागू पडणार. गाठीचे पातळ काप काचांवर घेऊन रंगवले, रंग किती गडद ते मोजलं, आणि रंगाचा व गुणाचा काही धड मेळ बसेना. २००४ साली बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या गटांनी दाखवलं की ज्यांना गुण आला त्यांच्यात ईजीएफआरच्या जनुकात ठरावीक बदल आहेत. जनुक जिंकलं, प्रथिन हरलं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये सेटुक्सिमॅबचंही तसंच झालं: मंजुरी मिळाली ती ‘ईजीएफआर असेल तर’ या अटीवर, आणि पुढे कळलं की प्रथिन नसलेल्यांनाही गुण येतो, महत्त्वाचं आहे ते केरास, म्हणजे रासचंच एक जनुक, शाबूत असणं. आपल्याकडचं उदाहरण आणखी बोचरं आहे. तोंडाच्या नि घशाच्या कॅन्सरमध्ये दहातल्या नऊ गाठींत ईजीएफआर भरपूर असतं. पण केमो निष्फळ ठरल्यावर नुसतं सेटुक्सिमॅब दिलं तर गाठ आकसते शंभरात साधारण तेरा जणांची. मग कशाला हवं प्रथिनांचं कौतुक?

पण त्या काचांवर नेमकं काय मोजलं गेलं, हे कुणी विचारतच नाही. मोजलं ते प्रथिन *किती* आहे. ते *काय करतंय* हे मोजलंच नव्हतं. कालव्याला दार आहे की नाही हे बघायचं आणि दार उघडं आहे की बंद हे बघायचं, या दोन गोष्टी एक आहेत का? ईजीएफआरच्या जनुकातला बदल महत्त्वाचा ठरला तो एवढ्यासाठीच की त्या बदलामुळे ते प्रथिन अखंड चालू राहतं आणि पेशी जगण्यासाठी त्याच्यावर विसंबते. म्हणजे तिथेही जिंकली ती प्रथिनाची चाल. जनुकाच्या खिडकीतून ती दिसली इतकंच. केरासचंही तेच. वरचं दार बंद करून उपयोग काय, खालचं आधीच फुटलंय! नशिबाने या दोन ठिकाणी जनुकाची खिडकी टेलच्या दिशेला उघडत होती. बीराफच्या ठिकाणी ती उघडत नव्हती. आणि कुठल्या रुग्णात ती उघडते, कुठल्यात नाही, हे आधी कळायचं कसं?

प्रथिन किती आहे यावरही सगळं अवलंबून नसतं असं म्हणताना एक अपवाद विसरू नये, आणि तो साधासुधा अपवाद नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये आजही पहिल्याच दिवशी जे विचारलं जातं, ‘ईआर काय, पीआर काय, हर-टू काय?’, त्या तिन्ही प्रथिनांच्याच चाचण्या आहेत: पहिली दोन संप्रेरकांचा संदेश घेणारी, तिसरं ईजीएफआरचं भावंड. संप्रेरकाला अडवणारं टॅमॉक्सिफेन कुणाला द्यायचं ते ईआर ठरवतं. १९९८ साली हर-टूला चिकटणारं प्रतिपिंड ट्रास्टुझुमॅब आलं ते हर-टूच्या रंगाची चाचणी सोबत घेऊनच. परभणीच्या लॅबपासून परळच्या टाटापर्यंत सगळीकडे त्याच काचा, तोच तपकिरी रंग, तेच एक अधिक, दोन अधिक, तीन अधिक. जीन पॅनेलच्या जाहिराती करणारे हे सोयीस्कर विसरतात. आणि त्या ट्रास्टुझुमॅबच्या मागची उंदराची प्रतिपिंडं निवडली गेली ती कशावर? एसके-बीआर-३ नावाच्या सेललाइनवर.

आता टेलविषयी. २०१३ साली न्यूयॉर्कच्या एका गटाने पीआय३के जनुकात बदल असलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या सेललाइन्स घेतल्या आणि त्यांना त्याच पीआय३केवरचं औषध दिलं, पुढे अल्पेलिसिब म्हणून बाजारात आलं ते. काही मेल्या, काही नाही. दोन्हींत मधलं दार, एकेटी, बंद झालेलं दिसत होतं. फरक होता तो टोकाला. ज्या पेशी जुमानत नव्हत्या त्यांच्यात एस६वरचा फॉस्फेट तसाच होता. रजिस्टर सारखं, मधलं दार सारखं, सरी मात्र एकीकडे कोरडी आणि एकीकडे ओली. ज्यांचा आजार औषध घेतानाही वाढला अशा रुग्णांच्या गाठींतही त्यांना तसंच दिसलं. इथे एक गोष्ट मुद्दाम अधोरेखित करते, कारण सगळा वाद इथे घसरतो. ही खूण औषध देण्याआधी दिसत नाही, दिल्यानंतर दिसते. हृदयाचा आजार आहे का हे बघायला आपण माणसाला पट्ट्यावर पळवतो. बसल्या जागचा ईसीजी कित्येकदा साळसूद येतो. कॅन्सरच्या बाबतीत मात्र आपण अजून बसल्या जागच्या ईसीजीवरच भांडतोय, फक्त तो ईसीजी दिवसेंदिवस महाग होत चाललाय.

सेललाइनवरचे आक्षेप? ते खरे आहेत, आणि भाचेबुवांना वाटतात त्याहून गंभीर आहेत. एमडीए-एमबी-४३५ ही सेललाइन कित्येक वर्षं स्तनाचा कॅन्सर म्हणून वापरली गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या साठ सेललाइन्सच्या प्रसिद्ध संचातही ती त्याच नावाने होती. नंतर उघड झालं की ती मेलानोमाची आहे. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून १९५१ साली निघालेल्या हेला पेशींनी जगभरच्या किती फ्लास्कमध्ये शिरून मूळच्या पेशींना हुसकावलं, त्याची यादी आजही वाढतेच आहे. २०१२ साली दोन मोठ्या गटांनी, एक इंग्लंडचा, एक अमेरिकेचा, शेकडो सेललाइन्स आणि डझनावारी औषधांची माहिती एकाच वेळी प्रसिद्ध केली. दुसऱ्याच वर्षी दोन्हींत समान असलेल्या ४७१ सेललाइन्स आणि १५ औषधं ताडून बघितली गेली. जनुकांचे आकडे जुळले, औषधाच्या परिणामाचे जुळेनात. खळबळ उडाली. २०१५ मध्ये दोन्ही गटांनी मिळून उत्तर दिलं की नेमकं औषध बहुतेक पेशींना लागूच पडत नाही, त्या सगळ्या शून्याजवळच्या आकड्यांत मेळ शोधाल तर सापडणार कसा. लागू पडणाऱ्या मोजक्या पेशी बघा, तिथे बऱ्यापैकी जुळतं. मला हे उत्तर पटतं, पण पूर्ण नाही. एकाने पेशींतली एटीपी, म्हणजे ऊर्जेचं चलन, मोजली होती, दुसऱ्याने पेशींवर चढलेला रंग. पेशी किती पेरल्या, कशात वाढवल्या, सगळंच निराळं. एका शेतातलं उत्पन्न क्विंटलमध्ये आणि दुसऱ्यातलं गाडीत मोजून कुणाचं बियाणं चांगलं हे भांडावं, तसं काहीसं.

यातून ‘सेललाइन फेकून द्या’ हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो उलटाच. २०१८ साली एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या सर्वांत लाडक्या सेललाइनचे वेगवेगळ्या प्रयोगशाळांतले २७ नमुने गोळा करून त्यांच्यावर ३२१ औषधं वापरली गेली. १९७० साली डेट्रॉइटमध्ये एका ख्रिस्ती जोगिणीच्या फुप्फुसाभोवतालच्या पाण्यातून, सातव्या प्रयत्नात उभी राहिलेली ही सेललाइन. नावातला सात तिथलाच. मूळ बाई एक, गाठ एक, नाव एक. तरीही जी औषधं काही नमुन्यांना जोरात मारत होती, त्यांतली किमान पाऊणशे टक्के दुसऱ्या काही नमुन्यांवर अजिबात चालली नाहीत. पन्नास वर्षं निरनिराळ्या घरी वाढलेली जुळी भावंडं! मग पेशीचं नाव नि जनुकांची यादी लिहून ‘हे औषध चालतं’ असं छापण्यात अर्थ काय? त्या दिवशी, त्या फ्लास्कमध्ये, कुठली चारी वाहत होती हे सोबत लिहिलं तरच त्या वाक्याला वजन. म्हणूनच गेल्या दहा वर्षांत सेललाइन्सच्या प्रथिनांचे नकाशे बनायला लागले: ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनने साडेसहाशेहून जास्त सेललाइन्सवर प्रतिपिंडांनी मोजमाप केलं, २०२० मध्ये ३७५ सेललाइन्सची प्रथिनं मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्रावर मोजली गेली, २०२२ मध्ये ९४९ सेललाइन्स आणि आठ हजारांहून जास्त प्रथिनं. या सगळ्यांतून एक गोष्ट सतत दिसते की जनुकाचा निरोप, म्हणजे आरएनए, किती आहे यावरून प्रथिन किती असेल हे जेमतेमच सांगता येतं. फॉस्फेटचं तर सोडाच.

जुना इतिहासही माझ्या विरुद्ध साक्ष देतो, तोही ऐकून घेऊ. लघवीचा कल्चर रिपोर्ट आपण सगळ्यांनी पाहिलाय. कुठलं प्रतिजैविक चालेल ते त्यावर लिहून येतं. कॅन्सरसाठी असाच कल्चर रिपोर्ट काढू, ही कल्पना १९७७ साली अमेरिकेत मोठ्या गाजावाजात आली. रुग्णाची गाठ आणा, पेशी वाढवा, औषधं घाला, मरतात का बघा. त्यावर कंपन्या निघाल्या, पैसे घेतले गेले, आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेला सांगावं लागलं की संशोधनाबाहेर या चाचण्यांवरून केमो ठरवू नका. लोक म्हणतात, बघा, सेललाइनचा नाद सोडा. मी म्हणते, नीट बघा काय हरलं. ‘मेल्या की नाही’ एवढंच मोजणं हरलं. बॅक्टेरिया आणि आपण परके आहोत. त्याला मारणारं औषध आपल्याला सोडतं. कॅन्सर घरचाच आहे. त्याला मारणं कधीच अवघड नव्हतं.

आणि जीन रिपोर्टवाल्यांचीही परीक्षा झालीय. फ्रान्समध्ये एक चाचणी झाली, तिचं नाव योगायोगाने शिवा. १९५ रुग्णांचे दोन गट. एकाला गाठीतल्या रेणूंच्या तपासणीवरून जुळवलेलं औषध, दुसऱ्याला डॉक्टर नेहमीच्या अनुभवाने देतील ते. आजार वाढेपर्यंतचा काळ पहिल्या गटात २.३ महिने, दुसऱ्यात २.०. २०१५ सालचे हे आकडे. औषधं नंतर सुधारली, जुळवणीचे नियमही सुधारले, त्यामुळे हा शेवटचा शब्द मी मानत नाही. पण ‘कागदावर छापूनच येतं’ म्हणणाऱ्याने एकदा हा आकडा मोठ्याने वाचावा.

आपल्याकडे तर हा प्रश्न आणखीच घरचा आहे. तंबाखू, मिश्री, गुटखा. गालाच्या आतल्या बाजूचा नि हिरड्यांचा कॅन्सर हा आपला कॅन्सर. २०१३ साली खारघरच्या ॲक्ट्रेकने, म्हणजे टाटाच्या संशोधन केंद्राने, आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या जीनोमिक्स संस्थेने मिळून त्याची जनुकं वाचली. टीपी५३, फॅट१, कॅस्प८ अशी नावं वर आली. यातली बहुतेक जनुकं ब्रेकची आहेत, एक्सलरेटरची नाहीत. तुटलेला ब्रेक दाबून बंद करणारं औषध नसतं. म्हणजे इथल्या रुग्णाने घरदार गहाण टाकून रिपोर्ट काढला, तरी त्यात ‘औषध’ या रकान्यात बहुधा रेघच असणार. पण ब्रेक तुटल्यावर गाडी कुठल्या उताराने चालली आहे हे मोजता येतं, आणि तिथे अडसर घालता येतो. त्यासाठी आपल्या रुग्णांच्या सेललाइन्स हव्यात. जगातल्या मोठ्या संचांत युरोप, अमेरिका आणि जपानच्या रुग्णांच्या पेशींचीच गर्दी आहे. आपण मागासलेले आहोत म्हणून हे घडलं असंही नाही. बाल्टिमोरमध्ये ज्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत हेला पेशी वाढल्या, तिथे काम करून आलेल्या पुण्याच्या कमल रणदिवे यांनी परळला पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, ती भारतातली पहिली मानली जाते. पुण्यात एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेची पेशीपेढी आहे. खारघरला औषधं तपासायची सोय आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या कित्येक प्रबंधांतले आकडे तिथलेच. फक्त बहुतेक प्रबंध तिथेच थांबतात: इतक्या मात्रेला निम्म्या पेशी वाढायच्या थांबल्या, समाप्त. पुढचा एक ब्लॉट, म्हणजे जेलवर पळवलेली प्रथिनं प्रतिपिंडांनी रेघांत दाखवणारी चाचणी, कुणी करत नाही. आणि बातमी होते ती याच आकड्याची.

पुढचा ब्लॉट का होत नाही, हेही सांगते, कारण इथेच माझ्या बाजूचं खरं दुखणं आहे. फॉस्फेट फार नाजूक. मी एमएस्सीनंतर दोन वर्षं हेच करत होते. एचटी-२९ पेशी, आतड्याच्या, बीराफ बिघडलेल्या. औषध घालायचं, एक तास, सहा तास, चोवीस तास. मग ताटली बर्फावर, पेशी खरवडून काढायच्या, जेलवर पळवायच्या. पहिल्याच खेपेला ईआरकेवरचा फॉस्फेट सगळीकडून गायब! तीन आठवडे मी औषधावर खूश होते. मॅडमनी पहिली लेन दाखवली, जिच्यात औषध घातलंच नव्हतं. तीही कोरी. फॉस्फेट टिकवणारं व्हॅनेडेट मी उकळून घ्यायला विसरले होते. पिवळं द्रावण रंगहीन होईपर्यंत उकळावं लागतं, नाहीतर ते कामच करत नाही. पेशीतल्याच एन्झाइमांनी बसल्या जागी सगळे फॉस्फेट खुडून टाकले होते. दुसऱ्या खेपेला नीट केलं. खालच्या फिल्मवर ईआरके, सगळ्या लेनमध्ये सारखंच, ४२ आणि ४४ वजनाच्या त्या दोन जाड रेघा. वरच्या फिल्मवर फॉस्फेटवालं ईआरके: आधी काळंभोर, तासाभराने पुसलेलं, चोवीस तासांनी फिकट, पण आलेलं. प्रथिन तेवढंच, निरोप गेला आणि परत आला. ॲमस्टरडॅमवाल्यांचा शोधनिबंध मी आधी चार वेळा वाचला होता. कळला त्या दिवशी.

ताटलीत मला दुसरी खेप मिळाली. माणसाच्या गाठीला कोण देणार? रक्तपुरवठा तुटला की काही मिनिटांत गाठीतले फॉस्फेट बदलायला लागतात. दोन कंपन्यांची प्रतिपिंडं एकाच काचेवर दोन निकाल देतात. इम्युनोथेरपी देण्याआधी बघतात त्या पीडी-एल१ या प्रथिनाच्या चाचण्यांत हे जगाने पाहिलंय. हा आक्षेप मला खोडता येत नाही, आणि खोडायचाही नाही. डीएनए दणकट आहे, म्हणून ते सोयीचं आहे, हे खरंच. पण जे सोयीने मोजता येतं तेच महत्त्वाचं, असं कधी ठरलं? ईआर आणि हर-टूसाठी नियम लिहून झालेत: गाठ काढल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये पडावी, तिथे किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहावी. फॉर्मलिन मांसात तासाला जेमतेम मिलिमीटरभर शिरतं; आख्खा स्तन न कापता बाटलीत टाकला तर बाहेरून जतन होतो आणि आतली गाठ सडत राहते. यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर लागत नाही. सुरी, घड्याळ आणि पेन लागतं.

गेल्या वर्षी मावशीचे ब्लॉक आणि स्लाइड्स घेऊन आम्ही परळला गेलो. जाडसर कागदाचं पाकीट, त्यात रुमालात गुंडाळलेले मेणाचे तीन ठोकळे. एसटीत मांडीवर ठेवूनच आणले. पहिल्या ठिकाणी ईआर निगेटिव्ह आला होता. काउंटरमागच्या मुलीने तपासणीचा जुना फॉर्म उलटसुलट करून विचारलं, ‘गाठ किती वाजता काढली? फॉर्मलिनमध्ये कधी टाकली?’ फॉर्मवर दोन्हींसाठी छापील जागा होती. दोन्ही कोऱ्या. त्याच पाकिटात शस्त्रक्रियेच्या बिलाची पावती होती. तिच्यावर वेळ होती, सेकंदासकट.